‘ब्रँच चुकली’ म्हणणारा मुलगा आणि त्याच्या बाबांचे दोन ट्रक

चवथ (गणेश चतुर्थी) झाली की फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. कधी मुलगा विचारतो, कधी आई, कधी बाबा. “इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, पण कॉम्प्युटर नाही मिळालं. मिळालं त्यात राहायचं की पहिल्या वर्षानंतर बदलून घ्यायचं?” या प्रश्नाला मी काय उत्तर देते, ते एका मुलाच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा डिचोली तालुक्यातला. गोव्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्सला. ऑक्टोबरमध्ये बाबांबरोबर आला. तो खाली बघत बसला होता, बोलत होते बाबाच. “मॅडम, याला सांगा, अभ्यास कर आणि ब्रँच बदल. आज कॉम्प्युटरशिवाय काही नाही. वीज खात्यात जेई (कनिष्ठ अभियंता) होण्यासाठी किती वर्षं वाट बघणार?” मुलगा पुटपुटला, “माझी ब्रँच चुकलीच आहे.” पहिल्या चाचणीत गणितात कसाबसा पास झाला होता. बारावीला त्याच विषयात त्याला उत्तम गुण होते.

त्या दिवशी माझं चुकलं. बाबा हट्टी आहेत, मुलावर लादतायत, असं मी मनात ठरवून टाकलं आणि पुढच्या दोन भेटींना मुलाला एकट्यालाच बोलावलं. बाबांची भीती कुठून आली हे विचारायचं राहून गेलं.

मुलाच्या बाबतीत एक गोष्ट लगेच दिसली, आणि ती या प्रश्नात अडकलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलात दिसते. ब्रँच बदलून मिळते ती पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि वरच्या वर्गात जागा रिकामी असेल तर. पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय सगळ्या शाखांना सारखेच असतात: गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग, ड्रॉइंग. पण ‘ही माझी ब्रँचच नाही’ असं मनात बसलं की मुलं नेमके तेच विषय सोडून देतात. बदलायची असेल तरी गुण लागतात आणि राहायचं असेल तरी पाया लागतो. तेव्हा मी त्याला म्हटलं, “मे महिन्यापर्यंत ब्रँचचा विषय बंद. आधी गणित. आणि तोवर एक काम कर.”

काम साधं होतं. दोन्ही शाखांचा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढायचा. ब्रँचच्या नावावर जायचं नाही, विषयांची नावं वाचायची. एकीकडे सर्किट्स, इलेक्ट्रिकल मशीन्स, पॉवर सिस्टीम्स, कंट्रोल सिस्टीम्स, मायक्रोकंट्रोलर. दुसरीकडे डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क्स. मग दोन्हीकडचा एकेक प्रश्न हातात घेऊन दोन आठवडे त्याच्यामागे लागायचं. सुटला की नाही याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. अडल्यावर तू काय करतोस, ते वहीत लिहून आण, एवढंच सांगितलं.

प्रोग्रॅमिंगचं पान स्वच्छ होतं. वर्गवारी करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, चालला, वही मिटली. दुसऱ्या पानावर मात्र खाडाखोड, बाण, आकृत्या, आणि मध्येच तेलाचा डाग.

त्यांच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) थ्री-फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांवर चालणारा पंप आहे. पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडते, एक फेज जाते, मोटर घुरघुरत राहते आणि आतलं तारांचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, जळतं. हे दोनदा झालं होतं. रिवाइंडिंगवाल्याकडे बसून त्याने बघितलं होतं की एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढला जातो आणि त्या गरम होतात. मग फेज गेल्यावर मोटर बंद करणारं एक स्वस्त सर्किट करायचं असं त्याने ठरवलं. व्होल्टेज बघून आपोआप बंद करणारा स्विच, म्हणजे रिले, लावला, तो फसला. का फसला हे शोधायला त्याला नऊ संध्याकाळी लागल्या. फिरती मोटर तुटलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करत राहते, त्यामुळे रिलेला सगळं ठीकच दिसतं. म्हणून करंट मोजायला हवा. जोडणीच्या वेळी वायरमन काका शेजारी उभे होते, कारण बाबांनी तशी अट घातली होती. ती अट योग्यच होती. थ्री-फेजशी मुलांनी एकट्याने खेळू नये.

करंट मोजून निर्णय घेणाऱ्या मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे छोट्या संगणक-चिपचा, प्रोग्रॅम त्याने सी भाषेत लिहून चालवला होता. म्हणजे कोडही लिहिलं होतंच. पण ‘प्रोग्रॅमिंग’च्या पानावर त्याची नोंदच नव्हती. त्याच्या लेखी तो अभ्यासच नव्हता.

एवढ्यावरून ‘तू इलेक्ट्रिकलमध्येच राहा’ असं मी म्हणाले नाही. ते घाईचं झालं असतं. त्याच वर्षी एका मुलीला मी मनापासून सांगितलं होतं की जमलं तर बदल. ती मेकॅनिकलला होती, पण रात्री दोनपर्यंत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढत बसायची आणि वर्कशॉपचा दिवस आला की तिचं पोट दुखायचं. तिने बदलली आणि बरं केलं.

मार्चमध्ये बाबांना पुन्हा बोलावलं, या वेळी एकट्यांना. तेव्हा कळलं. त्यांचा खनिजवाहू ट्रक होता, साखळीच्या खाणपट्ट्यात चालायचा. चीनला माल जात होता, भाव चढले होते, म्हणून 2010 मध्ये त्यांनी कर्ज काढून दुसरा घेतला. 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुढे थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली. दोन्ही ट्रक मिळेल त्या भावाला गेले. “आतां कितें करचें, म्हणून बायको विचारायची,” ते म्हणाले, “आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला ट्रक चालवण्याशिवाय दुसरं काय येत होतं?”

मी विचारलं, “दुसरा ट्रक का घेतला होता?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सगळे घेत होते.”

मला त्यांना खिंडीत पकडायचं नव्हतं, आणि त्यांनीही तसं मानलं नाही. उलट त्यांनीच प्रश्न बदलला. “मग मॅडम, असं सांगा, याचं क्षेत्र उद्या बंद पडलं तर याच्या हातात काय उरेल?” तेव्हापासून ब्रँचबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारते. माझा नव्हे, त्यांचा आहे.

पुढच्या भेटीत मुलालाही बोलावलं आणि आम्ही तिघांनी बसून उत्तर शोधलं. गणित उरतं. एखाद्या यंत्रात बिघाड नेमका कुठे आहे हे टप्प्याटप्प्याने शोधायची सवय उरते. कोड लिहिता येणं उरतं, आणि त्यासाठी कॉम्प्युटर शाखाच लागते असं नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमात मूळ 160 क्रेडिट्सच्या वर 18 ते 20 क्रेडिट्स घेऊन दुसऱ्या विषयात मायनर, म्हणजे जोडविषय, करता येतं. तुमच्या महाविद्यालयात कोणतं मायनर आहे, ते पहिल्याच वर्षी विचारून ठेवा. एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत इलेक्ट्रिकलवाल्याला कॉम्प्युटर सायन्सचा पेपर देता येतो, आणि 2021 पासून तिसऱ्या वर्षातली मुलंही बसू शकतात. म्हणजे पहिल्या वर्षी लागलेलं दार पुढे उघडतं.

गोव्याचं चित्रही मी स्पष्ट मांडलं. सॉफ्टवेअरची मोठी नोकरी हवी तर बहुधा पुणे किंवा बंगळूर गाठावं लागेल, हे घरी आधीच बोलून घ्यायला हवं. वेर्ण्यातल्या औषध कारखान्यांना पीएलसी (यंत्रं चालवणारे नियंत्रक संगणक) आणि देखभाल सांभाळणारी माणसं लागतात, वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये जहाजावरचं वायरिंग हेच एक मोठं शास्त्र आहे. वीज खात्याची जेईची जागा वाट बघायला लावते हे बाबांचं म्हणणं खरंच होतं. पण इलेक्ट्रिकलची वाट तेवढ्या एकाच दारात जाऊन संपत नाही. मुलाला मी सांगितलं, या तीन ठिकाणी काम करणारं एकेक माणूस शोध आणि ‘पगार किती’ विचारण्याआधी ‘काल दिवसभर काय केलंत’ ते विचार. तो दोघांना भेटला. तिसरं कोणी मिळालं नाही.

जूनमध्ये निकाल आला. गणितात त्याने चांगली मजल मारली होती आणि बदलासाठी अर्ज करण्याइतके गुण होते. निवड खरोखर त्याच्या हातात आली तेव्हा त्याने अर्ज भरला नाही. आता तो दुसऱ्या वर्षात आहे. पुढच्या वर्षीच्या ऐच्छिक विषयांत पॉवर इलेक्ट्रॉनिक्स की कंट्रोल, यावर घरात वाद चालू आहे.

तो वाद मला बाबांकडून कळला. परवा त्यांचा फोन होता: “मॅडम, ते मायनरचं तुम्ही सांगितलं होतं ना, त्याचा फॉर्म कधी निघतो? हा विसरेल म्हणून मी लिहून ठेवतो.”