गोळीने रक्तस्राव होतो, अंडं फुटत नाही

‘ताई, वय २८, उंची १६० सेंमी. लग्नाआधी सात महिन्यांत वजन ५६ वरून ४५ किलोवर आणलं. सगळ्यांनी कौतुक केलं, पण आठ महिन्यांपासून पाळी नाही. मध्ये २१ दिवसांच्या गोळ्या घेतल्या तेव्हा एकदा आली, पुन्हा बंद. सोनोग्राफीत बारीक गाठी दिसल्या, म्हणून मैत्रीण म्हणते पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होणं) आहे, अजून वजन उतरव. रोज सहा किमी पळते, दुपारी एक भाकरी-भाजी, रात्री सूप. आम्हाला मूल हवंय.’ – र.

प्रिय र.,

आता एक किलोसुद्धा कमी करू नकोस. ४५ किलो म्हणजे तुझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १७.६, आणि १८.५ च्या खाली वजन कमी धरतात. ती रेषा तुझ्यासाठी साडेसत्तेचाळीस किलोवर येते, पण तेवढ्यावर पाळी परतेलच असं नाही. ५६ किलोला तुझा बीएमआय २१.९, म्हणजे अगदी व्यवस्थित होता गं. कमी करण्यासारखं काही नव्हतंच. सध्या ५२ धरून चाल, लागलं तर आणखी वर.

चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. खाणं कमी, पळणं जास्त आणि चरबीही उतरलेली, की लेप्टिन घसरतं आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस गर्भधारणेचं काम लांबणीवर टाकतो. अंडाशयाला हुकूम देणारी संप्रेरकं, एलएच आणि एफएसएच, कमी सुटतात, अंडं पुरतं वाढत नाही, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तळाला जातं. तुझं अंडाशय धड आहे, त्याला वरून हुकूमच येत नाहीये.

२१ दिवसांच्या गोळ्या बहुतेक गर्भनिरोधकच असतात. त्यांतल्या संप्रेरकांनी गर्भाशयाचं अस्तर तयार होतं आणि गोळ्या थांबल्या की गळतं. घरच्यांना वाटतं पाळी सुरू झाली, आणि खरं कारण झाकलं जातं. बारीक गाठींचंही तसंच. अर्धवट वाढलेली अंडी उपाशी शरीरातही तशीच दिसतात, नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही. आधी गर्भधारणेची चाचणी कर. मग एलएच, एफएसएच, इस्ट्राडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार), प्रोलॅक्टिन, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) तपासून घे. पीसीओएसमध्ये टेस्टोस्टेरॉन बहुधा वाढलेलं असतं. तुझ्यासारख्या अवस्थेत एलएच आणि इस्ट्राडिऑल खाली सापडतात. पाळी सहा महिन्यांहून जास्त बंद आहे, तेव्हा हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दलही डॉक्टरांना विचार. इस्ट्रोजेनविना हाडं झिजतात, आणि त्याचा त्रास आज जाणवत नाही.

आता ताटाकडे ये. दुपारी दुसरी भाकरी (साधारण १५० कॅलरी) आणि वर चमचाभर तूप (४५). चार वाजता मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे (१७०). झोपताना कपभर साईसकट दूध (१३० च्या पुढे). झाल्या पाचशे. रात्री नुसतं सूप नको, वरण-भात, जोडीला अंडं किंवा पनीर. पळणं तूर्त बंद. अर्धा तास साधं चालणं पुरे. पळणं चालू ठेवलंस तर वाढवलेलं निम्मं खाणं त्यातच जळेल. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ चांगली. पहिल्या दिवसांत पोट फुगेल, जड वाटेल, पण ते ओसरतं. भाकरी वाढवायच्या विचारानेच जीव घाबरत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. त्यावर समुपदेशन मिळतं आणि त्याने फरक पडतो.

अंडं वाढवायच्या गोळ्यांची घाई नको. इस्ट्रोजेन इतकं कमी असताना क्लोमिफीन ही त्यातली नेहमीची गोळी सहसा लागू पडत नाही. इंजेक्शनने अंडं वाढेलही, पण एवढ्या कमी वजनावर दिवस राहिले तर बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो. वजन सावरल्यावरही पाळी यायला काही महिने लागू शकतात. सहा महिन्यांत नाहीच आली तर एंडोक्रायनॉलॉजिस्टला (संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना) दाखव.

एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. अंडं आधी फुटतं, पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी. म्हणजे पाळी न येताही दिवस राहू शकतात. म्हणून वजन वाढेपर्यंत निरोध वापरा, आणि रोजची ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारून आजच सुरू कर.

– ताई