मुंबईचं 37, नागपूरचं 45 आणि लेकीचं सॅन डिएगो : वाचकांचे उन्हाचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं उन्हाचीच आहेत. मे महिना आहे, त्यात नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) तोंडावर, तर दुसरं काय येणार म्हणा. त्यातली चार घेतली.

प्रश्न : माझी मुलगी लग्न होऊन सॅन डिएगोला गेली. परवा फोनवर म्हणाली, आई इथे हीट वेव्हचा इशारा आलाय, समुद्राकाठी 28, खोऱ्यात 38 आणि वाळवंटात 45. एकाच जिल्ह्यात एवढा फरक कसा काय? ती एल कहोनला राहते. आम्ही नागपूरचे, आम्हाला 38 म्हणजे मार्च महिना वाटतो, तर काळजी करायची की नाही तेच समजून नाही राहिलं. (एक आई, प्रतापनगर)

उत्तर : ताई, तुमच्या मुलीने सांगितलेले तिन्ही आकडे एकाच दिवशी खरे असू शकतात. तिथला पॅसिफिक समुद्र थंड आहे, उत्तरेकडून थंड पाण्याचा प्रवाह येतो, त्यामुळे किनाऱ्यावर मे-जूनमध्ये सकाळी ढगांचा जाड थर बसलेला असतो आणि कधी कधी दुपारपर्यंत ऊनच पडत नाही. हा थर आतवर फार जात नाही, मधल्या टेकड्या त्याला अडवतात. एल कहोन म्हणजे टेकड्यांनी वेढलेला खोलगट भाग, समुद्रापासून अंतर पंचवीस-तीस किलोमीटरच, पण समुद्राचा गारवा तिथे पोचेपर्यंत संपलेला असतो. त्याच्या पूर्वेला डोंगर आणि डोंगरापलीकडे बोरेगो स्प्रिंग्सचं वाळवंट. डोंगर उतरणारी हवा दाबली जाऊन आणखी तापते, ओलावा तर आधीच गेलेला, म्हणून तिकडे 45.

आता काळजीचं. 38 आपल्याला काही वाटत नाही हे खरं, पण आपलं शरीर फेब्रुवारीपासून हळूहळू तयार झालेलं असतं. नव्या उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, आणि तिथे परवापर्यंत पंचवीसच्या आत असलेला पारा एकदम वर गेलाय. म्हणून तिथली हवामान सेवा नुसतं तापमान सांगत नाही, हीटरिस्क नावाचा रंगांचा नकाशा देते, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि सगळ्यात वर जांभळट, आणि त्यात त्या जागेसाठी त्या तारखेला हे तापमान किती वेगळं आहे आणि रात्री गारवा मिळणार का, हे दोन्ही धरलेलं असतं. मुलीला तिच्या भागाचा रंग विचारा. आणि घरात एसी आहे का तेही विचारा, कारण त्या भागात जुन्या घरांमध्ये, विशेषतः किनाऱ्याकडे, एसी नसतोच, कधी गरजच पडली नाही म्हणून. नसेल तर दुपारी लायब्ररीत नाहीतर मॉलमध्ये जाऊन बसायला सांगा, नाहीतर सरळ समुद्राकाठी, तिथे 28च आहे.

प्रश्न : भाऊ मुंबईत राहतो. 37 झालं की तिकडे उष्णतेची लाट जाहीर होते अन् तो मेल्यासारखा फोन करतो. इकडे आम्ही 44 मध्ये गाडीवर फिरतो अन् लाट जाहीर होत नाही. हा काय प्रकार आहे? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : दादा, भावाला हसू नका, त्याचा त्रास खरा आहे. हवामान खात्याचे निकष जागेप्रमाणे वेगळे आहेत. मैदानी भागात तापमान किमान 40 हवं, किनारपट्टीला 37, डोंगराळ भागात 30, आणि ते तिथल्या सरासरीपेक्षा साडेचार डिग्रीने तरी जास्त हवं. फरक 6.4 च्या वर गेला की तीव्र लाट. मैदानी भागाला दुसरा सरळ नियमही आहे, 45 झालं की लाट, 47 झालं की तीव्र. शिवाय हे हवामान खात्याच्या एका उपविभागात किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस दिसलं पाहिजे.

आता नागपूरचा हिशोब बघा. मेच्या शेवटी आपली सरासरीच 42-43 च्या घरात, म्हणजे 44 हे नियमाने फक्त एक-दीड डिग्री जास्त. लाट जाहीर होत नाही. पण 44 मध्ये दुपारी दोन वाजता गाडीवर फिरणाऱ्याला नियमाशी काय घेणं, त्याला ऊन लागायचं ते लागतंच. लाट जाहीर नाही म्हणजे बाहेर पडायला हरकत नाही, असं कृपा करून कोणी समजू नका.

आणि मुंबईत घाम सुकत नाही. शरीर थंड होतं ते घाम येण्याने नाही, घाम सुकण्याने. आपल्याकडे दुपारी हवेत ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणूनच आपला कूलर खसच्या ताट्या ओल्या करून एवढी गार हवा देतो आणि तोच कूलर मुंबईत नेला तर खोली नुसती चिकट होते. (जूनमध्ये पाऊस लागला की आपलाही कूलर असाच करतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवत जा.) 16 एप्रिल 2023 ला खारघरला मोकळ्या मैदानावर पुरस्काराचा कार्यक्रम झाला, तापमान 38 च्या आसपास होतं, आणि उन्हात तासन् तास बसलेल्या लोकांपैकी 14 जण गेले. 38 चं होतं ते ऊन.

प्रश्न : मोबाईल 47 दाखवतो, बातम्यांत 44. खरं कोणाचं? 2024 मध्ये तर 56 पण झालं होतं ना नागपुरात? (कॉलेज विद्यार्थी, सदर)

उत्तर : 56 झालं नव्हतं. मे 2024 च्या शेवटी रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्राने तो आकडा दाखवला होता, नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. जगाचा नोंदलेला विक्रमच 56.7 आहे, 1913 सालचा, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा. भारताचा 51, राजस्थानातल्या फलोदीचा, मे 2016. आपल्या नागपूरचा 47.9, 23 मे 2013. अधिकृत तापमान सावलीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, हवा खेळती ठेवून मोजतात. डांबरी रस्त्यावर सिग्नलला उभे राहाल तर अंगाला त्याहून कितीतरी जास्त लागणार. मोबाईलवर बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा अंदाज असतो नाहीतर ‘जाणवणारं’ तापमान. इशारा बघायचा तर हवामान खात्याचा, पिवळा, ऑरेंज की रेड एवढं बघा.

प्रश्न : आमचं घर टिनाचं आहे. मालक मिस्त्रीच्या हाताखाली कामाला जातात, सकाळी आठ ते पाच. रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही, पंखा गरम हवा फेकतो. सासूबाई खिशात कांदा ठेवून पाठवतात त्यांना. अजून काय करू? (एक ताई, वाठोडा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. या शहरात उन्हाचा खरा मार तुमच्यासारख्या घरांवर आहे, आणि बातम्यांत येतो तो फक्त दुपारचा आकडा. रात्रीचा येत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री गारवा मिळालाच नाही तर दुसऱ्या दिवशी ते आधीच थकलेलं कामावर जातं, आणि लाटेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसं पडतात ती यामुळे.

टिनावर पांढरा चुना मारून घ्या, दोन हात, फेव्हिकॉल मिसळला तर टिकतो. खर्च थोडा आणि आतला फरक हाताला कळतो. टिन सूर्य गेला की लवकर थंड होतं, उष्णता धरून ठेवतात त्या भिंती, म्हणून दिवसा दारं-खिडक्या लावून ओलं गोणपाट टांगा आणि अंधार पडला की सगळं उघडून टाका. खोली चाळिशीच्या वर असेल तर नुसता पंखा उपयोगाचा नाही, अंगावर ओला पंचा घेऊन मग पंखा लावा.

कांदा सासूबाईंच्या मायेने जाऊ द्या, पण तो जेवणात खाल्लेला बरा, खिशात राहून ऊन अडत नाही. डब्यासोबत बाटलीभर ताक, मीठ घालून, किंवा पन्हं द्या. घरी ओआरएस करायचं तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तहान लागायची वाट न बघता प्यायला सांगा. आणि ठेकेदाराशी चार जणांनी मिळून बोला, सकाळी सहाला सुरू करून बाराला थांबायचं, उरलेलं चारनंतर. एकट्याने बोलले तर तो ऐकणार नाही. मालक गावाहून आठ-पंधरा दिवसांनी परत आले असतील तर पहिले काही दिवस काम हलकं घ्यायला लावा, सवय मोडलेली असते.

एक गोष्ट त्यांच्या सोबतच्या माणसांनाही सांगून ठेवा. कोणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, अंग भाजल्यासारखं तापलं, तर घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो, घाम बंद व्हायची वाट बघू नका. 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन, कपडे सैल करून, मिळेल ते पाणी अंगावर ओता, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा, वारा घाला. दवाखान्यात नेण्याआधीच थंड करायला सुरुवात करायची. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, ते फुफ्फुसात जातं.