फातिमा: खरा अर्थ काय, आणि हे नाव इतकं का ठेवलं जातं

तुमचा प्रश्न वाचला. सासूबाईंना नातीचं नाव फातिमा हवंय. तुम्ही अर्थ शोधायला गेलात तर एकीकडे ‘तेजस्वी’, दुसरीकडे ‘मोहक’ आणि तिसरीकडे ‘बाळाचं दूध तोडणारी’ असं सापडलं. हा तिसरा अर्थ तुमच्या नवऱ्याला पसंत नाही, आणि तुम्हाला स्वतःला नाव जुनं आणि जिथेतिथे असलेलं वाटतंय. मी बरीच वर्षं अरबी आणि उर्दू शिकवलं. अकीक्याच्या, म्हणजे बाळाच्या जन्मानंतरच्या विधीच्या आधी ओळखीतली माणसं नावं घेऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे या नावाबद्दल पुष्कळदा बोलावं लागलंय. थोडं सविस्तर लिहिते.

अर्थ तिसराच बरोबर आहे. अरबीत ‘फतम’ म्हणजे बाळाचं अंगावरचं दूध तोडणं, आणि त्या क्रियेला ‘फिताम’ म्हणतात. त्यावरून कर्तरी रूप, स्त्रीलिंगी, झालं ‘फातिमा’. यात ओशाळण्यासारखं काही नाही. ज्या काळात कितीतरी मुलं अंगावर पीत असतानाच जात, त्या काळात दूध तुटण्याच्या वयाला पोचलेलं मूल म्हणजे वाचलेलं मूल. मुलीला हे नाव देण्यामागे आशीर्वाद पाहिला जातो: ही जगो, मोठी होवो, हिची लेकरं दूध सुटेपर्यंत सुखरूप वाढोत. नवऱ्याला एवढं सांगा, बहुतेक त्यांचं मन वळेल.

मग ‘तेजस्वी’ कुठून आलं? ते प्रेषित मुहम्मदांच्या लेकीच्या, बीबी फातिमांच्या उपाधीतून आलं. त्यांना ‘अझ-झहरा’ म्हणतात, म्हणजे लखलखीत, उजळ. फातिमा झहरा असा जोडशब्द तोंडात इतका बसला की नावांच्या याद्या करणाऱ्यांनी दुसऱ्या शब्दाचा अर्थ पहिल्याला चिकटवून टाकला. ‘मोहक’ला तर कसलाच आधार नाही. आणखी दोन गल्लती नेहमी होतात, त्याही सांगून ठेवते. झहरा आणि झोहरा ही वेगवेगळी नावं आहेत, झोहरा म्हणजे शुक्राचा तारा. आणि फातिमाचा फातेहाशी, म्हणजे कुराणाच्या पहिल्या अध्यायाच्या नावाशी, काही संबंध नाही. फातेहाचं मूळ ‘फतह’, म्हणजे उघडणं. अरबीत दोन्ही शब्दांतला ‘त’सुद्धा वेगळ्या अक्षराचा आहे.

पण मला मनापासून वाटतं ते असं की फातिमा हे नाव कोणी शब्दकोश बघून ठेवत नाही. लोक ते एका माणसासाठी ठेवतात. तुमच्या सासूबाईंच्या डोक्यातही दूध, तेज असलं काही नसणार, बीबी फातिमा असणार.

हे नाव इस्लामच्या आधीपासूनचं आहे. सहाव्या शतकातला अरबी कवी इम्रुल कैस आपल्या प्रसिद्ध दीर्घ कवितेत प्रेयसीला ‘फातिम’ अशी लाडाची हाक मारतो. प्रेषित मुहम्मदांच्या (स.) आजीचं, म्हणजे वडिलांच्या आईचं नाव फातिमा होतं. प्रेषितांचे चुलतभाऊ आणि पुढे जावई झालेले हजरत अली यांची आई फातिमा, पुढे दुसरे खलिफा झालेल्या हजरत उमरची बहीण फातिमा. म्हणजे तेव्हाही नाव घरोघरी होतंच. प्रेषितांच्या लेकीनंतर मात्र सगळं बदललं. त्यानंतर ज्या कुणी मुलीला हे नाव दिलं, तिला या एका फातिमेची आठवण म्हणून दिलं.

बीबी फातिमा प्रेषितांच्या पहिल्या पत्नी खदीजाबीबींच्या पोटी जन्मल्या. जन्मवर्षाबद्दल सुन्नी आणि शिया परंपरांत साधारण दहा वर्षांचा फरक आहे, एक इ.स. ६०५च्या आसपासचं सांगते, दुसरी ६१५च्या. ६३२ साली, वडील गेल्यावर काही महिन्यांतच त्या गेल्या. म्हणजे कोणताही हिशेब धरला तरी तरुण वयातच. आई आधीच वारली होती. मक्केत वडिलांचा छळ होत होता तेव्हा ही मुलगी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. सजद्यात, म्हणजे नमाजात जमिनीवर डोकं टेकवलेलं असताना, कुणी त्यांच्या पाठीवर उंटाची घाण आणून टाकली, ती धावत येऊन हिनं काढली, असं हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या आठवणींच्या नोंदींत, येतं. तिला ‘उम्म अबीहा’ म्हणतात, म्हणजे आपल्या बापाची आई. कुठल्याही मुलीला मिळालेली यापेक्षा मोठी पदवी मला माहीत नाही.

आणि ज्या समाजात मुली जिवंत पुरल्या जात होत्या, कुराणानं ज्याची ठळक निंदा केली आहे, त्या समाजात ही मुलगी आली की बाप उठून उभा राहायचा, तिचं चुंबन घ्यायचा आणि आपल्या जागी तिला बसवायचा. हे प्रेषितांच्या पत्नी आयेशाबीबींनी सांगितलेलं आहे, अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे. या नावावर लोक चौदाशे वर्षं जीव टाकतात, त्याचं एक मोठं कारण मला इथे दिसतं.

दुसरं कारण जात्याचं. फातिमाबीबी घरात स्वतः दळायच्या. दळून दळून हाताला घट्टे पडले होते. घरकामाला एखादं माणूस मिळावं म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. वडील घरी नव्हते, निरोप ठेवून परतल्या. रात्री वडील स्वतः आले, लेक आणि जावई यांच्यामध्ये बसले, आणि म्हणाले, तुम्ही मागितलंत त्याहून चांगलं काही सांगू का? झोपताना ३३ वेळा ‘सुब्हानल्लाह’, ३३ वेळा ‘अल्हम्दुलिल्लाह’, ३४ वेळा ‘अल्लाहु अकबर’ म्हणा. हीच ती तस्बीह-ए-फातिमा, म्हणजे फातिमेचा जप. शंभराची माळ जगभरातल्या बायका रोज ओढतात, त्यातल्या कित्येकींचे हात त्याच कामानं रखरखीत झालेले असतात. आपल्याकडच्या जुन्या बायकांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही, जातं त्यांच्या ओळखीचं आहे.

आता तुमची दुसरी शंका, की वर्गात चार फातिमा असतील. असतील. खुद्द प्रेषितांच्या घरात होत्या! कुणीतरी रेशमी कापड भेट दिलं, तेव्हा त्यांनी ते हजरत अलींच्या हाती दिलं आणि सांगितलं, याच्या ओढण्या करून ‘फवातिम’मध्ये वाटून टाक. फवातिम हे फातिमाचं अनेकवचन. नावाचं अनेकवचन करून हुकूम द्यावा लागला इतक्या फातिमा त्या घरात होत्या: त्यांची लेक, अलींची आई, चुलत्याची, म्हणजे हमजांची मुलगी. हा प्रसंग ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात आहे. नाव सगळीकडे आहे म्हणून अडचण वाटत असेल तर हे मनात ठेवा. आणि आपल्याकडे तोडगाही आहेच, नावाला जोड द्यायची. फातिमा झहरा, नूर फातिमा, कनीज फातिमा. कनीज म्हणजे दासी, ‘फातिमेची सेविका’ या अर्थानं हे नाव श्रद्धेनं ठेवतात, पण काही घरांना ‘दासी’ रुचत नाही, तेव्हा आधी घरात विचारून घ्या. नुसती उपाधी घ्यायची असेल तर झहरा, बतूल, ताहिरा, सिद्दीका ही सगळी बीबी फातिमांचीच नावं म्हणून चालतात.

लोकप्रियतेचं म्हणाल तर या नावाइतकं लांब गेलेलं मुलीचं नाव क्वचितच सापडेल. गंमत म्हणजे ते प्रत्येक ठिकाणी तिथल्या जिभेवर बसलंय. तुर्कीत ते फातमा होतं, आणि तिथल्या एकूण बायकांमध्ये हे सर्वांत जास्त आढळणारं नाव आहे, जरी आता जन्मणाऱ्या मुलींत झेनेप पुढे गेलंय. काळ्या समुद्राकाठी तेच फादिमे होतं. सोमाली लोक फादुमो म्हणतात, स्वाहिलीत फातुमा, सेनेगल-गांबियात फातू, माली आणि गिनीत फातुमाता. हे शेवटचं ऐकायला परकं वाटतं, पण अरबीत पूर्ण उच्चार ‘फातिमतु’ असा होतो, तिथूनच ते आलंय. मोरोक्कोत फातिमा-झहरा एकाच श्वासात म्हणतात. इराणात फातेमे कित्येक वर्षं मुलींच्या नावांत वरच्या जागी आहे. कोम शहरातला प्रसिद्ध दर्गा ज्यांचा आहे त्या शियांचे आठवे इमाम रझा यांच्या बहिणीचं मूळ नावही फातिमाच, लोक त्यांना मासूमा म्हणतात. आणि एका राजघराण्यानं तर स्वतःचं नावच यावरून घेतलं. फातिमी खलिफांनी इ.स. ९०९ पासून ११७१ पर्यंत राज्य केलं, ९६९ साली कैरो वसवलं. तिथल्या अल-अझहरचं नाव झहरावरूनच पडलं असं मानतात. आपल्याकडचे बोहरी आपली परंपरा त्याच फातिमी इमामांशी जोडतात, म्हणून मुंबईत बोहरी घरांत ‘फातेमा’ पदोपदी भेटते. केरळात मोपला, म्हणजे मल्याळी मुसलमान घरांतून पातुम्मा ऐकाल. सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश, १९८९ साली नेमलेल्या एम. फातिमा बीवी, केरळच्याच.

गोव्याची गोष्ट मला फार आवडते. तिथे कॅथलिक घरांतही फातिमा असते. पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचं गाव आहे, मूरांच्या म्हणजे मुसलमानांच्या राजवटीतून उरलेलं नाव. १९१७ साली मे ते ऑक्टोबर तिथे तीन गुराखी मुलांना मरियम मातेचं दर्शन झालं असं कॅथलिक मानतात, आणि ‘फातिमाची सायबीण’ ही भक्ती जगभर पसरली. मेरी, मारिया यांच्या जोडीला ख्रिस्ती मुलींना फातिमा हे नाव मिळालं. मडगावात मुलींचं फातिमा कॉन्व्हेंट आहे. प्रेषितांच्या लेकीचं नाव चर्चच्या दारावर पोचलं, आणि दोन्हीकडचे लोक ते आदरानं घेतात.

आणि महाराष्ट्रात? सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र वाचा. आजारी म्हणून त्या माहेरी होत्या. फातिमाला खूप त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं त्यात लिहिलंय. ही फातिमा म्हणजे फातिमा शेख, शाळेच्या कामातली त्यांची सोबतीण, असं मानतात. या फातिमाविषयी पुढे जे लिहिलं-बोललं गेलं त्यातल्या किती गोष्टींना कागदाचा आधार आहे यावर आज वाद आहे, आणि तो अभ्यासकांनी जरूर घालावा. पण ती एक ओळ पत्रात आहे. सोबतीणीवर इतका भरवसा टाकणारी ती ओळ माझ्या दृष्टीनं मोठी आहे. तुमची मुलगी मराठी शाळेत जाणार असेल तर तिच्या नावाची ओळख तिथल्या भिंतीवरच्या तसबिरीतल्या सावित्रीबाईंशीही आहे, हे तिला लहानपणीच सांगा. आपलं नाव इथलं नाही असं तिला वाटायला नको.

जुनं म्हणाल तर हो, आजीच्या पिढीत फातमाबी होत्या, मधल्या पिढीनं सना, सोफिया, आलिया अशी नावं काढली. पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणारे तरुण आईबाप पुन्हा फातिमा, मरियम, खदीजा, झैनब हीच नावं विचारतात. फॅशनच्या नावांचं वय कळतं, या नावांचं कळत नाही.

माझं मत विचाराल तर ठेवा. दोन शब्दांचं हवं असेल तर फातिमा झहरा ठेवा, घरात ‘झहरा’ म्हणता येईल आणि सासूबाईंनाही समाधान.

आता कामाचं. उच्चारात ‘ति’ ऱ्हस्व, ‘फा’ लांब. अरबीतला जाड ‘त’ आपल्या तोंडात येत नाही, त्याची काळजी करू नका, उर्दूतही तो साधाच होतो. देवनागरीत फातिमा, फातेमा, फातमा असे तीन प्रकार दिसतात, इंग्रजीत तर त्याहून जास्त: ‘टी’नंतर ‘एच’ घालणारे, शेवटी ‘एच’ लावणारे, मध्ये ‘ई’ लिहिणारे. यातला कुठलाही निवडा, पण एकच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो, त्यामुळे त्यावर जे अक्षर पडेल तेच पुढे आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे जाणार. नोंदणीच्या वेळी नाव ठरलेलं नसेल तर घाई करू नका, जन्म नोंदवून घ्या, नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. त्यानंतरही विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत सोय आहे. जोडनाव ठेवणार असाल तर मध्ये जागा सोडायची की सलग लिहायचं, हे अर्ज भरण्याआधीच घरात ठरवा आणि कागदावर मराठी-इंग्रजी दोन्हीत लिहून न्या, खिडकीवर तोंडी सांगू नका.