अमेरिकेसारखी ऑफरोडवाल्यांची संघटना पुण्यात? आधी गावनकाशा काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे की मुळशीकडं तुमच्या ग्रुपच्या गाड्या फॉरेस्टवाल्यांनी परत फिरवल्या, वर गावातल्या पोरांनी पण दम दिला, आणि आता तुमच्या डोक्यात आहे की अमेरिकेत ती ब्लूरिबन कोएलिशन आहे, कच्च्या रानवाटांवर गाड्या घालणाऱ्यांसाठी (ऑफरोडवाल्यांसाठी) भांडणारी, तशी संघटना पुण्यात काढायची, ऑनलाइन पिटिशनवर सह्या घ्यायच्या आणि "सरकारी जमीन सगळ्यांची आहे, आम्ही पण टॅक्स भरतो" म्हणून हक्क मागायचा. संघटना काढा, माझा विरोध नाही. पण तिकडचं आणि आपलं गणित मुळातच वेगळं आहे, ते आधी समजून घ्या, नाहीतर लोगो आणि टीशर्ट होतील, रस्ता एक पण मिळणार नाही.

ब्लूरिबन १९८७ साली आयडाहोत सुरू झाली. पण त्याच्या आधी १९७२ लाच तिथले अध्यक्ष निक्सन यांनी ऑर्डर काढून ठेवली होती की सरकारी जमिनीवर मोटारगाड्या कुठं चालतील आणि कुठं नाही हे त्या त्या खात्यानं ठरवायचं. मग २००५ मध्ये त्यांच्या फॉरेस्ट सर्व्हिसनं नियम केला की प्रत्येक जंगलाचा गाड्यांचा नकाशा छापायचा, नकाशावर आहे तो ट्रेल चालू, नाही तो बंद. त्यामुळं त्यांचं भांडण नकाशावरचं असतं. २०२३ ला युटामध्ये मोआबजवळ सरकारनं ३१७ मैलांचे ट्रेल एका फटक्यात बंद केले तेव्हा ब्लूरिबनवाले कोर्टात गेले, कारण दाखवायला कागद होता, काल चालू होता आज बंद केला. शिवाय तिकडं पैसा पण फिरतो, ऑफरोड गाड्यांच्या इंधनावरच्या कराच्या हिशोबानं ट्रेलसाठी फंड येतो आणि त्यातला ३० टक्के मोटरवाल्यांच्या कामासाठी राखलेला असतो.

आपल्याकडं काय आहे? एकही ट्रेल कधी कोणी "चालू" म्हणून जाहीरच केलेला नाही. म्हणजे बंद केला म्हणून ओरडायला पण जागा नाही. तुम्ही ज्याला ट्रेल म्हणताय तो कोणाचा तरी गुरांचा रस्ता असतो, फॉरेस्टची फायरलाइन म्हणजे वणवा अडवायला साफ केलेला पट्टा असतो, नाहीतर पवनचक्की किंवा टॉवरवाल्यांनी काढलेला रस्ता असतो. त्यामुळं आपलं काम उलट्या टोकापासून सुरू होतं. आधी एखादा तरी रस्ता कागदावर आणायचा, भांडायचं ते त्यानंतर.

आता "सरकारी जमीन" हा शब्द आधी सोडून द्या. पुण्याच्या पश्चिमेला तुम्ही एका सकाळी २० किलोमीटर गाडी चालवली तर पाच मालकांच्या जमिनीवरून जाता आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा. राखीव वन असेल तर १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ लागतं, विनापरवानगी घुसणं हाच गुन्हा, झाड तोडलं का शिकार केली हा पुढचा विषय. अभयारण्य असेल तर त्याच्याही वर, वन्यजीव कायद्याचं कलम २७ आणि २८, परवान्याशिवाय आत जायचंच नाही. ताम्हिणीचा बराच भाग २०१३ पासून अभयारण्य आहे हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं, त्यांना ताम्हिणी म्हणजे घाट आणि कणीस. भीमाशंकर तर १९८५ पासून आहे. गायरान असेल तर लोकांना वाटतं सरपंच ओळखीचा आहे, झालं काम. तसं नाही होत, जमीन सरकारची असते, ग्रामपंचायत नुसती सांभाळते, आणि २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या जगपाल सिंग निकालानंतर (गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असं सांगणारा) गायरानाला हात लावायचा म्हटलं की सगळे अधिकारी दोन पावलं मागं सरकतात. सरपंचाच्या तोंडी होकाराला चहापुरतीच किंमत.

बॅकवॉटरचं अजून वेगळं. पानशेत, वरसगाव, पवना इथं पाणी उतरलं की जी मोकळी जमीन दिसते ती जलसंपदाची, पण त्यातली काही गाळपेरीला, म्हणजे उतरलेल्या पाण्याच्या गाळात पीक घ्यायला, दिलेली असते, म्हणजे तुम्हाला जो मस्त सपाट चिखल वाटतो त्यात कोणीतरी पेरलेलं असू शकतं. मुळशी धरण तर टाटांचं, तिथं जलसंपदाकडं अर्ज घेऊन जाल तर हसतील. आणि मुळशीत बोलताना जरा जपून, १९२१ चा सेनापती बापटांचा सत्याग्रह याच धरणासाठी गेलेल्या जमिनींवरून झाला. बाहेरून कोणीतरी येऊन "आमचा हक्क" म्हणायला लागला की तिथल्या म्हाताऱ्या माणसांना वेगळंच काहीतरी ऐकू येतं.

गावातल्या पोरांनी दम का दिला ते पण सांगतो. मुळशीतल्याच एका गावात बघितलेलं आहे. जुलैमध्ये एक ग्रुप आला, दहाबारा थार आणि दोन जिप्सी, पाणंदीतून गेले आणि आले. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूला बांध, मध्ये काळी माती, पावसात भिजून लोण्यासारखी झालेली. मड टायरनी गुडघाभर चाकोऱ्या पडल्या आणि त्यात पाणी भरलं. एक गाडी रुतली ती बांधावरच्या झाडाला विंच (गाडीवरचं दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लावून ओढली, पट्टा न गुंडाळता नुसती वायर रोप, तर साल गोल सोलून निघाली. संध्याकाळी हे लोक पुण्यात घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा पिकअप आला तो पाणंदीच्या तोंडालाच थांबला, आत येईना. मग बायकामाणसांनी कॅन डोक्यावर घेऊन डांबरीपर्यंत नेले, त्या चिखलातून, आणि हे पुढं पाऊस थांबेपर्यंत रोज. त्या गावात आता नुसती रूफ कॅरिअरवाली गाडी दिसली तरी दगड हातात घेतात. तुम्ही कितीही सभ्य असा, तुम्ही त्यांच्यासाठी तेच लोक आहात.

फॉरेस्टवाल्यांचा राग पण उगाच नसतो. डोंगरउतारावर त्यांनी सलग समतल चर खणलेले असतात, पाणी अडवायला. गाडी सरळ चढवली की चराची मेर दोन ठिकाणी फुटते, पुढच्या पावसात पाणी चरात थांबायच्या ऐवजी चाकोरीतून सुसाट खाली येतं आणि तिथं ओघळ पडते. तुम्हाला वाटतं एक टायर मार्क आहे, फॉरेस्टवाल्यांना तिथं दोन वर्षं रोपं जगवायची असतात. पूर्वेकडं बारामती, इंदापूरच्या माळावर तर लोकांना वाटतं काहीच नाहीये, मोकळं रान आहे, हाणा गाडी. त्या माळावर लांडगे आहेत, थंडीत बिळात पिल्लं असतात, चंडोल आणि पखुर्डी हे पक्षी सरळ जमिनीवर अंडी घालतात. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटर, त्याच्या बाहेरचा माळ पण त्या चिंकारांचाच आहे. आणि बघा, कडबनवाडी आणि शिर्सुफळला फॉरेस्टनंच ग्रासलँड सफारी सुरू केली, ऑनलाइन बुकिंग, ठरलेला रस्ता, सोबत गावातला गाइड. म्हणजे गाडीला त्यांचा सरसकट नकार नाहीये. रस्ता ठरलेला पाहिजे, माणसं मोजलेली पाहिजेत आणि गावाला दोन पैसे मिळाले पाहिजेत. आपण पण हेच घेऊन गेलो तर ऐकतात.

म्हणून पिटिशन नको. पाच हजार सह्या घेऊन आरएफओकडं (वनक्षेत्रपालाकडं) गेलात तर तो पहिला प्रश्न विचारणार, "कक्ष क्रमांक कोणता?", म्हणजे जंगलाच्या कुठल्या तुकड्याचा नंबर, आणि तुमच्याकडं उत्तर नसणार. एकच रस्ता निवडा, १०-१२ किलोमीटरचा, जास्त नको. त्याचा जीपीएस ट्रॅक घ्या, पायी चालून घ्या, गाडी नेऊ नका. महाभूनकाशावर (सरकारची जमिनीच्या नकाशांची वेबसाइट) गट नंबर काढा, एकेक सातबारा उघडा, आणि इतर हक्काचा रकाना नक्की वाचा कारण १९७५ च्या खाजगी वनांच्या कायद्याची नोंद तिथंच दडलेली असते, मालक म्हणतो माझी जमीन आणि कागद म्हणतो वन. मग गावनकाशा बघा, त्यात जुने गाडीमार्ग आणि पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. तुमचा ट्रॅक जितका गाडीमार्गावर बसेल तितकी तुमची बाजू भक्कम, कारण तिथं बैलगाड्या जात होत्या हे सरकारी कागदच सांगतो. नकाशा वाचता येत नसेल तर तलाठ्याला भेटा, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांना, पण गावात अजून भाऊसाहेबच. जिथं ट्रॅक राखीव वनात घुसतो तो तुकडा सरळ कापून टाका, पहिल्या अर्जात फॉरेस्ट नकोच. लोहगड, राजगडाच्या पायथ्याचं पण काही घेऊ नका, २०२५ ला ते युनेस्कोच्या यादीत गेलेत, तिथं आता कोणीच सही करणार नाही आणि करू पण नये.

मग गाव. पावसाळा संपला की जा, गाड्या घेऊन नाही, एसटीने किंवा बाइकवर दोघंतिघं, आणि विचारा पाणंदीत कुठं खराब झालंय. दोन ट्रॉली मुरूम टाकून रोलर फिरवून द्या. मुरूम पावतीचाच घ्या बरं का, नाहीतर गौण खनिजाचं लफडं तुमच्याच गळ्यात. हे एका हंगामात केलंत की ग्रामसभेत तुमचा विषय घ्यायला सांगा आणि ठराव लिहून घ्या: जून ते ऑक्टोबर गाडी नाही, एका दिवशी आठच्या वर गाड्या नाहीत, गाडीमागं इतके रुपये ग्रामपंचायतीच्या पावतीवर, वाटाड्या गावातलाच. जेवण पण गावातच करा, पुण्यातून डबे आणि बिसलेरीची खोकी घेऊन जाऊ नका.

ज्यांना खरंच टेक्निकल चढ, खडक, विंचिंग असं पाहिजे त्यांच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, डोंगरावर जाऊच नका. मोशी, वाघोलीकडं बंद पडलेल्या खाणी आहेत, मालकाशी लेखी भाडेकरार करा, खाणपट्ट्याची मुदत संपली का ते बघा, पाण्याच्या कडेला दोर बांधा. त्या दगडावर तुम्ही दिवसभर टायर घासलेत तरी कोणाचं काही बिघडत नाही. आणि पैसे घेऊन इव्हेंट करणार असाल तर राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते, ती आधी करा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जीप सफारी आणि एटीव्हीवर (मोठ्या चाकांची छोटी उघडी गाडी) वेगळी प्रकरणंच आहेत, अर्जाला जोडायला बरी पडतात.

अजून एक, जरा टोचेल. साहेबांकडं जाताना ती लिफ्ट केलेली, लाइटबार लावलेली गाडी ऑफिसच्या आवारात लावू नका. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही. तुम्ही नियमानं रस्ता मागायला आलात आणि गाडीच बेकायदा, मग बोलणं तिथंच संपतं.

अर्ज मराठीत लिहा, एका पानात, नकाशा जोडून, आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडं ठेवा. डिसेंबर-जानेवारीत द्या. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम धरतात, गार्डपासून साहेबापर्यंत सगळे जाळपट्ट्यांत अडकलेले असतात, त्यात मार्चएंड, कोणी तुमचा कागद उघडून पण बघणार नाही. गट नंबर काढताना अडलात तर ट्रॅकची फाइल पाठवा, बघून सांगतो.