मॉर्फिनचं इंजेक्शन दिलंय, आता नेमकं काय बघायचं?

प्रश्न : सासऱ्यांचं (वय ७४) खुब्याचं ऑपरेशन झालंय, दुखलं की मॉर्फिनचं इंजेक्शन देतात. नणंद म्हणते ती अफूच, एकदा सवय लागली की सुटत नाही, तू डॉक्टरना नको म्हणून सांग. मामंजी कळ सोसत गप्प पडून राहतात. रोज संध्याकाळी थोडी फेणी घेतात आणि रात्री झोपेची गोळी, हे आम्ही हॉस्पिटलात सांगितलेलं नाही. सांगायला हवं का? (एक सून, फोंडा)

उत्तर : ताई, आजच सांगा, हे पान बाजूला ठेवून आधी सिस्टरकडे जा. किती फेणी, कुठली गोळी, घोरतात का, झोपेत मध्येच श्वास अडकतो का, किडनीचा काही त्रास आहे का, सगळं. लाज वाटते म्हणून लोक दारूचं लपवतात आणि भूलतज्ज्ञाला सगळ्यात जास्त गरज त्याच माहितीची असते. दारू, झोपेची गोळी आणि मॉर्फिन ही तिन्ही मेंदूला गुंगी आणतात, एकत्र आली की श्वास मंदावतो. घरच्या डब्यातली गोळी वॉर्डात स्वतःहून अजिबात देऊ नका. आणि रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की दोनतीन दिवसांत हात थरथरणं, भलतंसलतं बोलणं सुरू होऊ शकतं, डॉक्टरना आधी माहीत असेल तर ते तयारीत राहतात. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिनपासून तयार होणारे घटक शरीरात साचत जातात, मग डोस कमी करतात किंवा फेंटानिलसारखं दुसरं औषध निवडतात.

आता सवयीचं. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेतलं तर व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. नणंदबाईंना माझ्याकडून सांगा, की दुखणं सोसून माणूस बरा होत नाही. खुब्याचं दुखतं म्हणून म्हातारा माणूस हलत नाही, खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ साचतो, पायात रक्ताची गुठळी होते. मामंजी आपणहून बोलणार नाहीत, तेव्हा तुम्हीच विचारा, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, आणि कूस बदलताना विचारा, पडल्यापडल्या नको.

भीती बाळगायचीच तर गुंगीची बाळगा. श्वास मंदावण्याआधी बहुतेक वेळा गुंगी वाढते, आणि तिथेच घरची माणसं फसतात. वॉर्डात हे नेहमी बघायला मिळतं, पेशंट घोरतोय, तोंड उघडं, हनुवटी छातीवर टेकलेली, आणि बाजूची मावशी कौतुकाने म्हणते किती दिवसांनी शांत झोप लागली हो, उठवू नका. उठवायचंच! हाक मारा, खांद्याला हलवा. डोळे उघडून नीट बोलले तर ठीक, बोलता बोलता परत डुलकी लागत असेल तर सिस्टरना बोलवा. शांत पडलेले असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजा. मोठ्या माणसाचा श्वास साधारण १२ ते २० असतो, १० च्या खाली गेला तर लगेच हाक द्या, ८ च्या खाली म्हणजे धावपळ करायचीच वेळ. बोटाच्या मशीनवर ९८ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका, ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो.

शिरेतून मॉर्फिन देताना थोडं थोडं देऊन मध्ये थांबतात, वय झालेल्यांना तर एकेक दोनदोन मिलिग्रॅमच. पूर्ण असर यायला १५-२० मिनिटं जाऊ शकतात, दंडात दिलं तर त्याहून जास्त, म्हणून अजून दुखतंय, लगेच दुसरं द्या असा तगादा लावू नका, दोन्ही डोसांचा असर एकावर एक चढतो. गुंगी फार झालीच तर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे, दोन मिनिटांत माणूस जागा होतो. पण त्याचा असर तासाभरात ओसरतो आणि मॉर्फिनचा टिकून असतो, म्हणून जागे झाले, चला सुटलो असं समजू नका, पुढचे काही तास कुणीतरी जवळ बसलेलं हवं.

प्रश्न : आईच्या सलाईनला बटणाचा पंप लावलाय, दुखलं की दाबायचं. ती झोपेत कण्हते तेव्हा मी दाबलं तर चालेल? (म्हापसा)

उत्तर : नाही, कधीच नाही. गुंगी आली की हात आपोआप बटणावरून सुटतो आणि औषध थांबतं, पंपाची सगळी सुरक्षा त्यावरच उभी आहे. एकदा दाबल्यावर ठरलेली काही मिनिटं पंप पुन्हा औषध देत नाही हे खरं, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. कण्हते म्हणून सिस्टरना सांगा.

प्रश्न : भावाला कॅन्सर आहे, घरी मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या, आता गिळता येत नाही. डॉक्टर कातडीखाली इंजेक्शन द्यायचं म्हणतात. गोळी जेवढ्या मिलिग्रॅमची तेवढंच इंजेक्शन ना? (साखळी)

उत्तर : नाही, बरं झालं विचारलंत. गोळीतलं बरंचसं औषध लिव्हरमध्येच खर्ची पडतं, म्हणून ३० मिलिग्रॅम गोळीच्या जागी इंजेक्शन साधारण १० चं लागतं. तरी हे गणित तुम्ही करायचं नाही, डोस डॉक्टरांकडून आकडा आणि मिलिग्रॅम असं लिहूनच घ्या, कारण अँप्युल (इंजेक्शनची काचेची छोटी कुपी) १० मिलिग्रॅमची येते तशी १५ चीही येते आणि मिलिलिटर नि मिलिग्रॅममध्ये गल्लत झाली की भारी पडतं. फार दिवस चाललेलं मॉर्फिन एकदम बंदही करायचं नाही, अंग दुखतं, जुलाब होतात, जीव कासावीस होतो. पोट साफ व्हायचं औषध मात्र डॉक्टरना विचारून चालूच ठेवा, मॉर्फिनचा बद्धकोष्ठ आपोआप जात नाही.

हे औषध कुठल्याही फार्मसीत मिळत नाही, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यता मिळालेल्या हॉस्पिटलांना ते ठेवणं सोपं झालं, त्यामुळे तुमच्या डॉक्टरनाच विचारा कुठून घ्यायचं. घरी कुलपात ठेवा, कधी किती दिलं ते वहीत लिहा, उरलेल्या अँप्युल मोजून जिथून आणल्या तिथेच परत करा. हाक मारूनही भाऊ जागा होत नसेल किंवा श्वास फारच मंद झाला असेल तर पुढचा डोस देऊ नका, आधी तुमच्या डॉक्टरना फोन लावा, ते लगेच नाही भेटले तर १०८. शेवटच्या दिवसांत असलेल्या पेशंटमध्ये श्वास आजारामुळेही बदलतो, तेव्हा अशा वेळी काय करायचं हे त्यांच्याशी आजच बोलून ठेवा.