कॅलेंडरवरच्या लाल फुल्या

“ताई, देव माझ्यावर एवढी प्रीती करतो असं मी रोज प्रार्थनेत म्हणते. आणि रविवारी नणंद दारात दिसली की पोटात गोळा येतो. माझा विश्वासच खोटा आहे का?”

दादरच्या एका चर्चमागच्या लहानशा खोलीत मी समुपदेशनाला बसते. हा प्रश्न तिथे नेहमी येतो, कधी भावाबद्दल, कधी जावेबद्दल. ही बाई भांडुपची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). शाळेत क्लार्क. घरी सासूबाई पक्षाघाताने दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे हिला सलग झोप नाही. वसईची नणंद रविवारी उपासना आटोपून येते, केळी ठेवते, अर्धा तास बसते आणि निघताना म्हणते, “वहिनी, आईच्या अंगाला वास येतोय गं.”

“मग तुम्ही काय म्हणता?”

“काही नाही. चहा टाकते. प्रीती सहनशील आहे ना.”

असं म्हणून तिने पर्समधून कॅलेंडरची घडी घातलेली तीन पानं काढली. रोजच्या चौकटीत दुधाचा हिशेब, आणि रविवारच्या चौकटीत लाल पेनाची फुली. नणंद बोलून गेली की एक फुली. अकरा झाल्या होत्या. शेवटच्या फुलीपाशी कागद फाटला होता. मला भरून आलं. दीड वर्षात हिचं ऐकून घेणारं ते एकच ठिकाण होतं.

बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 13वा अध्याय आपण लग्नात वाचतो. पण तो लिहिला आपसात भांडणाऱ्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला. प्रभुभोजनालाही (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीलाही) कुणी उपाशी, कुणी मद्याने धुंद, अशी तिथली स्थिती होती. त्यातल्या 5व्या वचनात प्रीती ‘अपकार स्मरत नाही’ असं आहे. मूळ ग्रीक क्रियापद हिशेबातलं आहे, खात्यावर मांडणं या अर्थाचं. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती पानांकडे बघत राहिली. गप्प बसणं म्हणजेच प्रीती, असं तिने धरलं होतं, आणि तोंड बंद असल्यामुळेच पेन चालत होतं.

“पण ख्रिस्ती माणसाने तोंडावर बोलायचं?”

मी मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 18:15 (अध्याय 18, वचन 15) उघडलं. भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याला दाखवून दे, असं प्रभू सांगतो. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातही ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा 19:18 मध्ये येते. त्याच्या आधीच्या वचनात मनात द्वेष न ठेवता त्याला स्पष्ट समज द्यायला सांगितलं आहे.

एक गोष्ट इथेच सांगते. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर हा सल्ला लागू नाही. तिथे एकटीने बोलायला जायचं नाही. आधी सुरक्षित जागा, 181 ही महिला हेल्पलाइन आणि 2005चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा. ‘सहन कर, देव बघतो’ असं अशा बाईला कुणी सांगितलं की माझा जीव तळमळतो.

हिच्याबाबतीत तसं नव्हतं. आम्ही वाक्य तयार केलं. त्यात जुना एकही रविवार येऊ द्यायचा नाही, फक्त काय हवं ते मागायचं. पहिल्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटेना. चौथ्यांदा जमलं. मग एका रविवारी नणंदेला रिक्षा स्टँडपर्यंत सोडायला ती गेली आणि म्हणाली, “रविवारी दुपारी तू आईजवळ थांब. मला झोपायचंय.”

नणंद फणकाऱ्याने निघून गेली. दोन रविवार आलीच नाही. हिला वाटलं, नातं तुटलं. मलाही धाकधूक होती. तिसऱ्या रविवारी आली आणि पलंगाजवळ उभी राहून रडली. आईला हात लावायचीच तिला भीती वाटत होती. कूस कशी वळवायची हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. हिने दाखवलं: गुडघा वाकवायचा, खांदा आणि कंबर एकदम धरायची, पाठीमागे उशी लावायची.

नणंद अजून उशिराच येते, बोलण्याची धारही गेलेली नाही. पण मागच्या रविवारी ही आतल्या खोलीत झोपली असताना बाहेरून हाक आली, “वहिनी, पाठीला कुठली उशी लावू, निळी?”

“निळी,” ही म्हणाली, आणि पुन्हा झोपली.