ऑफाचा ‘डाइक’ : खंदक, भिंत की बांध?

प्रश्न असा आहे : इंग्लंड-वेल्सच्या सीमेजवळच्या ‘ऑफाज डाइक’ला मराठीत खंदक म्हणावे, भिंत म्हणावे की तटबंदी?

यांतले एकही नको. ‘ऑफाचा बांध’ म्हणा.

मर्सिया या मध्य इंग्लंडमधल्या जुन्या राज्याचा राजा ऑफा (कारकीर्द ७५७ ते ७९६) याच्या नावावर हे काम आहे. पश्चिमेला, म्हणजे वेल्सच्या अंगाला, चर खणायचा आणि निघालेली माती पूर्वेच्या कडेला रचत जायची, अशी त्याची रीत. श्रॉपशरमधल्या लॅनफेअर टेकडीवर, समुद्रसपाटीपासून ४०० मीटरहून अधिक उंचीवर, त्याचा एक तुकडा फार चांगला टिकला आहे. नजरेत भरतो तो गवताने झाकलेला, माळावरून सलग गेलेला मातीचा उंचवटा. चर त्याच्या पायथ्याशी आहे. इतरत्र तो गाळाने भरत आला, पुष्कळ ठिकाणी बुजलाही. म्हणून ‘खंदक’ हा शब्द फसवा आहे. वाचकाला किल्ल्याभोवतीचा खंदक आठवतो आणि जे मुख्य तेच हरवते.

या गोंधळाची मुळे इंग्रजीतच आहेत. ‘डिच’ आणि ‘डाइक’ हे दोन्ही एकाच जुन्या धातूचे. खणलेले आणि खणून रचलेले या दोहोंना तो चाले. डचमध्ये त्याचा ‘डाइक’ झाला, म्हणजे समुद्राचे पाणी थोपवणारा बांध. जर्मनमध्ये ‘टाइख’ झाला, म्हणजे तळे! मराठीत चर वेगळा, बांध वेगळा. सरी-वरंबा ही जोडी शेतात कायम एकत्र असते, तरी तिथेही दोघांना आपापले नाव आहेच.

‘भिंत’ रोमन सम्राट हेड्रियनच्या उत्तर इंग्लंडमधल्या दगडी कामाला शोभते, मातीच्या कामाला नाही. ‘तटबंदी’त पहारे, बुरूज, आत राखलेली वस्ती असे सगळे येते, आणि या बांधावर कायमची ठाणी असल्याचा पुरावा मिळालेला नाही. नुसता ‘तट’ मात्र मी चूक म्हणणार नाही. ८९३ मध्ये ॲसर या वेल्श धर्मगुरूने लॅटिनमध्ये ‘व्हॅलम’, म्हणजे तट, असेच लिहिले आहे. लढायांबद्दल लिहीत असाल तर तट चालेल.

पण आपल्याकडे बांध म्हटला की कुणाची हद्द कुठे संपते ते आपोआप सांगितले जाते. ‘बांध कोरणे’ हा आपला प्रयोगही इथे अक्षरशः लागू पडतो : शतकानुशतकांच्या नांगरटीने ऑफाचा बांध कित्येक ठिकाणी झिजला, काही ठिकाणी नाहीसाच झाला. धुळे-नंदुरबारकडच्या काळ्या दगडाच्या सरळ रांगांनाही भूशास्त्रात ‘डाइक’ म्हणतात. तो अर्थ निराळा, तिथे ‘बांध’ वापरू नका.

आणखी एक. १९७१ मध्ये खुली झालेली ‘ऑफाज डाइक पाथ’ ही पायवाट २८५ किलोमीटरची आहे. तिचा थोडाच भाग प्रत्यक्ष बांधालगत जातो, त्यामुळे हा आकडा बांधाची लांबी म्हणून देऊ नये.